छायाचित्रावर उमटलेली दुसरी रेघ

नागपूरचा मुलूख एकेकाळी देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता, आणि मध्य प्रांतातील आदिवासींविषयीच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनाचे एक महत्त्वाचे केंद्रही नागपुरातच होते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांकडून, म्हणजे गोंडांच्या वंशपरंपरागत गायकांकडून, गोंडांचा पुराणनायक लिंगो याची गाथा उतरवून घेतली. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पल यांनी त्यांची टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

लेखणीमागोमाग कॅमेरा आला. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत, १८५७ च्या उठावाने हादरलेल्या सत्तेने प्रजेची जातवार व जमातवार चित्रसूची मांडली, आणि तीत समोर बसलेला माणूस हा प्रामुख्याने आपल्या गटाचा नमुना ठरला. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या चार खंडांतील माहिती आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. पण त्यांतल्या छायाचित्रांनाही बहुधा जमातीचीच ओळख आहे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत हिंडलेले छायाचित्रकार सुनील जाना यांच्या कॅमेऱ्यात आपुलकी आली, तरी चौकट कुठे धरायची हे ठरवणारा डोळा बाहेरचाच राहिला.

हा एकतर्फी व्यवहार कसा मोडता येतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण डहाणू तालुक्यातील गंजाडचे आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकलेच्या इतिहासात आधीच नोंदल्या गेलेल्या या गावी २०१३ च्या आरंभी छायाचित्रकार गौरी गिल चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड दाखवतील त्या जागी त्यांनाच उभे करून गिल यांनी कृष्णधवल छायाचित्रे घेतली, परंतु त्या जागांविषयी ऐकलेले काहीच कागदावर उतरले नाही असे त्यांना जाणवले. तेव्हा वांगड यांनी त्या छायाचित्रांवरच शाईने रेखाटन सुरू केले. भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने पांढरी उमटणारी त्रिकोणी माणसे येथे काळ्या बारीक रेघांत येतात आणि मोकळ्या दिसणाऱ्या आकाशात व माळावर दैवते, तुटलेले जंगल, कारखाने अशी दाटी करतात. कॅमेरा एका क्षणापुरता पाहतो, तर रेघ त्या जागेचा सारा भूतकाळ एकाच वेळी मांडते. ‘फील्ड्स ऑफ साइट’ या मालिकेचे खरे बळ या विसंगतीत आहे, केवळ दोघांच्या सौहार्दात नाही.

पुढे जव्हार परिसरात २०१५ पासून गिल यांनी सुभाष व भगवान धर्मा कडू या मुखवटे घडवणाऱ्या बंधूंबरोबर काम केले. बोहाडा या उत्सवात देवदानवांचे सोंग घेऊन नाचताना जे कागदी लगद्याचे मुखवटे घातले जातात, त्यांचेच तंत्र वापरून येथे रोजच्या जगण्यातले चेहरे, पशुपक्षी व वस्तू यांचे मुखवटे घडवले गेले, आणि गावकऱ्यांनी ते चढवून आपल्याच घरादारांत, दुकानांत प्रसंग उभे केले. जमातीचा नमुना म्हणून चेहरा टिपण्याची जुनी रीत येथे चालूच शकत नाही, कारण चेहरा झाकलेला आहे आणि कोणता चेहरा घ्यायचा हे झाकणाऱ्याच्या हाती आहे.

तरीही भागीदारी सर्व बाबतींत समसमान झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ‘ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही मुखवट्यांची मालिका २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. दालने आणि ग्राहक महानगरांतच असल्याने पाड्यावरच्या कलावंताला तेथवर नेणारी वाट अजून बहुतेक वेळा छायाचित्रकाराच्या ओळखीतूनच जाते.