पत्त्यातील सीमारेषा

अंकांच्या साहाय्याने स्थान सांगण्याची विद्या उज्जयिनीला नवी नव्हे. प्राचीन भारतीय ज्योतिषी याच नगरीवरून जाणारी मध्यरेषा शून्य मानीत व इतर गावांचे देशांतर तिच्यापासून मोजीत. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली. आज त्याच नगरीतील विद्यार्थी संगणकाचे पत्ते शिकू लागतात, तेव्हा बिंदूंनी विभागलेले चार आकडे पाहून प्रथम गोंधळतात. आकडे पाठ होतात, पण त्यांतील मर्म हाती लागत नाही. ते उमगण्यास टपाल खात्याचा इतिहास मोठा उपयोगी पडतो.

एकाच नावाची अनेक गावे, पत्त्यांच्या नाना भाषा आणि नाना लिप्या, यांमुळे भारतात पत्रांची वर्गवारी करणे जिकिरीचे होते. त्यावर दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उपाय योजला, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. उज्जैनच्या मुख्य टपाल कार्यालयाचा क्रमांक ४५६००१. यातील ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवितो. ४५ म्हणताच मध्य प्रदेश आला. ४५६ म्हणताच उज्जैन. शेजारचे देवास ४५५ आणि रतलाम ४५७. उरलेले तीन अंक टपाल कार्यालयाचे. दूरच्या टपाल कर्मचाऱ्यास उज्जैनच्या गल्ल्या ठाऊक असण्याचे कारण नाही. आरंभीचे अंक पाहून त्याने थैली योग्य दिशेस धाडली, की त्याचे काम संपले.

संगणकाच्या पत्त्याची रीत हीच. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याचे जे प्रमाण रूप प्रसिद्ध झाले, त्यात बत्तीस स्थाने आहेत व प्रत्येक स्थानी शून्य किंवा एक. आठ-आठ स्थानांचे चार गट होतात. अनुष्टुभ् छंदाशी परिचय असणाऱ्यास ही रचना परकी वाटणार नाही: चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. आठ अक्षरांत लघु-गुरूंच्या २५६ रचना होतात, हे आपल्या छंदशास्त्राने फार पूर्वीच मोजून ठेवले आहे. म्हणूनच पत्त्यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या बाहेर जात नाही.

पिनकोडात जिल्ह्याची सीमा तिसऱ्या अंकानंतर कायमची ठरलेली आहे. संगणकाच्या पत्त्यातही प्रथम अशाच ठरीव सीमा होत्या. संस्थेला मिळणारा समूह तीनच मापांचा असे: सुमारे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा, ६५ हजारांचा किंवा अवघ्या २५४ जागांचा. तीनशे संगणक असलेल्या संस्थेने काय करावे? लहान माप अपुरे, तर मधले घेतल्यास हजारो पत्ते पडून राहत. शिवाय मोठ्या समूहाचे आतल्या आत विभाग पाडण्याची सर्वमान्य रीतही नव्हती. ती १९८५ साली ठरली. तिलाच सबनेट म्हणतात. पुढे १९९३ साली ती तीन ठरीव मापेही मागे पडली आणि सीमारेषा हवी तेथे ओढता येऊ लागली.

ही रेषा दाखविण्यासाठी पत्त्याला सबनेट मास्कची जोड असते. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ असा, की पहिली चोवीस स्थाने मोहल्ल्याची व उरलेली आठ घराची. एखाद्या शाळेने कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वर्ग वेगळे ठेवावयाचे ठरविले, तर घराच्या आठांतील दोन स्थाने मोहल्ल्याकडे द्यावी लागतात. मास्कचा शेवटचा आकडा १९२ होतो आणि ६४-६४ पत्त्यांचे चार विभाग पडतात. त्यांतील पहिला पत्ता विभागाच्या नावाचा व शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा; वापरावयास उरतात ६२. आता ७० व्या क्रमांकाचा संगणक ६४ ते १२७ या विभागात येतो, १३० वा त्याच्या पुढल्या विभागात. दोघे एकाच छपराखाली असले, तरी त्यांचा निरोप राउटरच्या हातूनच जावा लागतो.

आरंभीच्या सढळ वाटपाची किंमत पुढच्यांना मोजावी लागली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला. एकशे अठ्ठावीस स्थानांचा नवा पत्ता तयार झाला, तो याच टंचाईच्या जाणिवेतून.

सीमारेषा कोठे ओढावी, हा प्रश्न वरवर गणिताचा दिसतो. वस्तुतः आज आपण किती घ्यावे व उद्या येणाऱ्यांसाठी किती राखावे, याचाच तो विचार आहे. विद्यार्थ्याने तो मनाशी बाळगला, तर ते चार आकडे त्याला कोडे वाटणार नाहीत.