ऐकणं फुकट, सनद वेगळी

बगदाद, दमास्कस, काहिरा इथल्या जुन्या मशिदींत उस्ताद खांबाला टेकून बसत आणि भोवती हल्का जमे. ऐकायला येणाऱ्याला सहसा कोणी अडवत नसे. शेवटी मिळणारी इजाजत संस्थेची नव्हे, उस्तादाची असे. कोणाकडून कोणता ग्रंथ शिकला, ते त्यात लिहिलेलं असायचं.

हे आठवलं ते एनपीटीईएलमुळे. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून २००३ च्या सुमारास हा प्रकल्प उभा केला. त्याआधी २००१ मध्ये एमआयटीने आपले अभ्यासक्रम सगळ्यांना खुले करण्याची घोषणा केली होती. आपल्याकडे तर १९८४ पासून यूजीसीचे पाठ दूरदर्शनवर यायचे, भरदुपारी आणि बहुतेक इंग्रजीत.

बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण आज त्याचं फाटक न ओलांडताही जुन्या वस्तीतली मुलगी आयआयटी गुवाहाटीच्या समित भट्टाचार्यांची मानव-संगणक संवादावरची व्याख्यानं मोबाइलवर ऐकू शकते. स्टॅनफर्डच्या स्कॉट क्लेमर यांनी हाच विषय २०१२ मध्ये कोर्सेरावर शिकवला होता. ऐकायला पैसा लागत नाही. एनपीटीईएलची सनद हवी तर मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची.

गंमत विषयातच आहे. माणूस अडला तर दोष आधी यंत्राच्या रचनेत शोधा, असं डोनाल्ड नॉर्मन १९८८ पासून सांगत आले. मग उर्दू माध्यमातून दहावी झालेली, बाजारात वऱ्हाडी बोलणारी मुलगी इंग्रजी व्याख्यानात अडली, तर दोष कोणाचा? आपण मात्र लगेच म्हणतो, पोरीचं इंग्रजी कच्चं.

हा विचार कोणी केलाच नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक केला. त्यात इंग्रजी कळांचा क्रम नाही, आपल्या मुळाक्षरांचा आहे. ‘क’वर बोट ठेवलं की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उघडते. शाळेत पाटीवर जे शिकलो तेच इथे कामाला येतं.

उर्दूचं दुखणं निराळं. उतरत्या, एकात एक गुंफलेल्या नस्तालीकसाठी इनपेज १९९४ च्या सुमारास आलं, छापखान्यांचं काम सोपं झालं. पण फोनच्या पडद्यावर उर्दू पुढेही बरीच वर्षं नस्ख वळणातच दिसायची. वाचता यायची, पण नस्तालीकमध्ये अखबार वाचणाऱ्या डोळ्याला ती परकी वाटे.

प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने घरी दादीच्या हातात फोन द्यावा, उर्दूत दोन ओळी लिहायला सांगाव्यात आणि मधे न बोलता बघत बसावं. बोट कुठे थांबतं, ते वहीत टिपावं.