सरळ रेघेला दिलेला झटका

मॉनिटरवरची रेघ सरळ होते. कुणीतरी 'क्लिअर!' ओरडतं, दोन पॅडल छातीवर टेकतात, रुग्णाचं अंग उसळतं आणि रेघ पुन्हा धावू लागते. हॉस्पिटलच्या मालिकांनी घराघरात पोहोचवलेला हा प्रसंग वैद्यकाच्या हिशेबानं चूक आहे. का, ते झटका देणाऱ्या या यंत्राच्या जन्मकथेतच सापडतं.

१८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली हे दोन संशोधक कुत्र्यांवर विजेचे प्रयोग करत होते. लहान झटक्यानं हृदय फडफडू लागे आणि मोठ्या झटक्यानं ती फडफड थांबे. या फडफडीत हृदयाचा प्रत्येक तंतू आपापल्या तालात थरथरतो, रक्त मात्र पुढे सरकत नाही. मोठा झटका सगळ्या तंतूंना एकदम गप्प करतो, मग हृदय आपला मूळ ताल धरू शकतं. सरळ रेघेत गप्प करायला काही उरलेलंच नसतं. तिथे छाती दाबत राहायची, ॲड्रेनालिन द्यायचं आणि हृदय का थांबलं ते शोधायचं.

माणसावर हा झटका प्रथम यशस्वी झाला १९४७ साली. क्लीव्हलंडला चौदा वर्षांच्या मुलाचं हृदय शस्त्रक्रियेच्या वेळी फडफडू लागलं. सर्जन क्लॉड बेक यांनी उघड्या छातीत हात घालून ते चोळत ठेवलं, मग थेट हृदयालाच झटका दिला. मुलगा वाचला.

पुढचा शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार शॉक लागून दगावत, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला होता. त्यातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवेन बंद छातीवर झटका देण्याचं यंत्र घडवत होते. त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की, वीज सोडण्याआधी जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब वाढतो. सर्जन जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० साली छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज आपण तिलाच सीपीआर म्हणतो. झटक्याचं यंत्र घडवताना हाती लागलेल्या या उपायाला यंत्र लागतच नाही.

१९९४ मध्ये 'ईआर' ही हॉस्पिटलची अमेरिकी मालिका सुरू झाली. दोनच वर्षांनी अमेरिकी डॉक्टरांनी ती आणि आणखी दोन मालिका तपासल्या. पडद्यावर सीपीआर मिळालेल्यांपैकी ७५ टक्के त्या क्षणी वाचत होते. खऱ्या वॉर्डात हा आकडा कितीतरी खाली असतो. अशा चित्रावर विसंबून अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांकडून काय मागतील, याची मला मनापासून काळजी वाटते.

समोर कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर १०८ ला फोन करा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.