खाचांची साक्ष

लक्ष्मीपूजनाला चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखताना आपण धरूनच चालतो, की हिशेब म्हटला म्हणजे कागद आणि शाई आलीच. पण इंग्लंडच्या राजाचा खजिना सुमारे सातशे वर्षे लाकडाच्या काठ्यांवर हिशेब राखीत होता! या काठीला ते 'टॅली' म्हणत.

बहुधा हेझल नावाच्या झुडपाची काठी घेत आणि तीवर आडव्या खाचा पाडीत. बाराव्या शतकात खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्यांची मापेच लिहून ठेवली आहेत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. पेनीला नुसता चरा. लाकूड काढायचेच नाही. मग काठी उभी चिरीत. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याला मिळे, आखूड तुकडा सरकारात राही. प्रत्येक खाच दोन्ही तुकड्यांवर निम्मी निम्मी. एकाने चोरून खाच वाढवली, तर तुकडे जुळवताच लबाडी उघडी! अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही ही पावती बोटांनी वाचता येई.

ही युक्ती राजदरबारापुरती नव्हती. फ्रान्समध्ये उधारीने पाव घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे एक पट्टी असे, पाववाल्याकडे तिची जोडीदारीण. पाव देताना दोन्ही एकत्र धरून एकदमच खाच पाडायची. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी कायद्याने अशा जोडपट्ट्यांना पुरावा म्हणून मान्यता दिली.

इंग्लंडात १७८२ च्या कायद्याने टॅली बंद करण्याचे ठरले. ती प्रत्यक्ष बंद पडली १८२६ साली. उरलेल्या काठ्यांचे करायचे काय? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या उमरावांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत जाळण्यात आल्या. धुराडी तापली, संध्याकाळी आग भडकली आणि दोन्ही सभागृहे भस्मसात झाली. ही लाकडे शेजारच्या गरिबांना सरपण म्हणून द्यायला काय हरकत होती, असा टोमणा पुढे १८५५ साली चार्ल्स डिकन्सने भाषणात मारला.

सरकारला जे जुने जळाऊ लाकूड वाटले, त्याने एक मोठा प्रश्न सोडवला होता. धनको आणि ऋणको यांपैकी कोणावरही डोळे मिटून विसंबावे लागत नव्हते, कारण खरा हिशेब एकट्याच्या हाती नव्हताच. दोन तुकडे जुळत तिथेच तो होता.