सोलापूरचा मार्शल लॉ (1930)

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ब्रिटिश सरकारने सोलापूर शहरावर 12 मे ते 30 जून 1930 या काळात लादलेला लष्करी अंमल. त्याआधीचे तीन दिवस शहरात इंग्रजी सत्ता उरलीच नव्हती.

गांधीजींच्या अटकेने ठिणगी पडली हे खरे. पण तेवढ्यावर या उठावाचा उलगडा होत नाही. सोलापूरचे गिरणगाव साम्राज्याच्या उलाढालींतून उभे राहिले होते. मे 1818 मध्ये मन्रोच्या फौजेने पेशव्यांचा येथील किल्ला घेतला. 1860 मध्ये रेल्वे आली. पाठोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध (1861–65) पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेजी ओसरली, पण रेल्वे, पेढ्या आणि कापसाचा व्यापार राहिला. 1877 मध्ये, ऐन दुष्काळात, ‘जुनी मिल’ सुरू झाली. पोटासाठी आलेले मराठी शेतकरी, निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगू पद्मशाली विणकर, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे यांचे एक शहर झाले. पहिल्या महायुद्धाने महागाई भडकवली आणि 1920 मध्ये गिरण्यांत मोठा संप झाला. म्हणजे 1930 चा कामगार रस्त्यावर नवखा नव्हता.

6 एप्रिल 1930 रोजी नगरपालिकेवर तिरंगा चढला. 5 मेच्या पहाटे गांधीजींना पकडल्याची बातमी येताच हरताळ पडला. 8 मे रोजी दारूबंदीसाठी शिंदीची झाडे तोडणाऱ्या सत्याग्रहींना पोलिसांनी पकडले, जमाव अडून बसला आणि गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे आलेले शंकर शिवदारे गोळी लागून पडले. संतप्त जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी आणि न्यायालय पेटवले. त्यात पोलीसही मारले गेले. 9 ते 11 मे पोलीस शहरात नव्हते आणि रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. इतिहासात या दिवसांची ‘दंगल’ एवढीच नोंद करणे अन्यायाचे आहे. त्याच वर्षी 18 एप्रिलला चितगावात क्रांतिकारकांनी शस्त्रागारावर हल्ला केला होता, 23 एप्रिलला पेशावरात गढवाली शिपायांनी जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला होता. तीन आठवड्यांत तीन टोकांना राज्य हादरले. त्यातले गिरणी कामगारांचे शहर एकटे सोलापूर.

लष्करी अंमलात झेंडा मिरवणे गुन्हा ठरला. डोक्यावरच्या गांधी टोप्या सैनिक उतरवू लागले. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी: पेठांपेठांतून वाटले गेलेले शहर फाशीच्या तख्तावर एकत्र उभे होते. त्यांचे पुतळे आज चार हुतात्मा चौकात आहेत.

1930 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या कामगारांच्या गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. विणकामाचे कसब मात्र शहर सोडून गेले नाही. ते यंत्रमागांवर गेले, आणि त्याचे एक मोठे ठाणे म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत. येथे चादर आणि टर्किश टॉवेल विणले जातात. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. मागांवर तेलुगू, मराठी, कन्नड आजही शेजारी-शेजारी ऐकू येतात. पण शेड लहान, माग मोजके, मजुरी बहुधा नगावर. हजारो कामगार एका पाळीला बाहेर पडत असे गिरणीचे फाटक या वसाहतीत कुठेच नाही.