काटकसरीचे कालयंत्र

विज्ञानपटांची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती बहुधा कुब्रिक आणि तार्कोव्हस्की या दोन नावांभोवती फिरते. गाजलेल्या विज्ञानपटांचे कमी पैशांत, घाईघाईने काढलेले आणि हाणामारीने भरलेले पुढचे भाग हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाला वाटत नाही. त्याला कारणेही आहेत. या चित्रपटांतील मुखवटे मुखवट्यांसारखे दिसतात, संवाद पुष्कळदा बाळबोध असतात आणि आधीच्या भागात जे सांगितले ते पुढच्या भागात बेधडक मोडले जाते. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून विचारावा असा एक प्रश्न येथे आहे. या पुढच्या भागांना कालप्रवासाची एवढी ओढ का असावी?

पहिले उत्तर अगदी व्यावहारिक आहे. भविष्यकाळ उभा करायला पैसा लागतो. त्याची घरे बांधावी लागतात, वस्त्रे शिवावी लागतात, वाहने घडवावी लागतात. वर्तमानकाळ मात्र रस्त्यावर फुकट उभा असतो. भविष्यातील एखादे पात्र उचलून आजच्या शहरात आणून सोडले की सारे नेपथ्य आयते मिळते. कालप्रवास हे अशा रीतीने निर्मात्याच्या जमाखर्चातून जन्मलेले यंत्र आहे. या काटकसरीतून कधीकधी इतिहासाविषयीचा एक गंभीर विचार कसा आकाराला येतो, हे ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या मालिकेच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

पिएर बूल या फ्रेंच लेखकाची कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट १९६८ मध्ये आला. निर्माते आर्थर पी. जेकब्स, दिग्दर्शक फ्रँकलिन शाफ्नर. खर्च सुमारे ५८ लाख डॉलर. वानर राज्य करतात आणि माणसे मुकी जनावरे झाली आहेत अशा ग्रहावर अंतराळवीर टेलर उतरतो. शेवटी स्वातंत्र्यदेवतेचा भग्न पुतळा दिसतो आणि हा परका ग्रह म्हणजे आपलीच पृथ्वी, दोन हजार वर्षांनंतरची, हे त्याला कळते. चित्रपट गाजला. दुसरा भाग १९७० मध्ये निघाला. टेलरची भूमिका करणाऱ्या चार्लटन हेस्टन यांना पुन्हा त्यात अडकायचे नव्हते. आपले पात्र मारले जावे या अटीवर ते थोड्या वेळापुरते आले. चित्रपटाच्या अखेरीस एका महाबाँबने सारी पृथ्वीच नष्ट होते. कथा संपवण्याचा याहून पक्का मार्ग नव्हता.

पण हा भागही चालला, आणि तिसरा भाग हवा अशी मागणी आली. मेलेल्या पृथ्वीवर पुढची कथा कशी रचायची? हे काम पटकथाकार पॉल डेन यांच्याकडे आले. डेन हे मुळात इंग्रज कवी आणि चित्रपट-समीक्षक. अणुबाँबने हादरलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगणाऱ्या ‘सेव्हन डेज टु नून’ (१९५०) या चित्रपटाच्या कथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते. अणुयुगाची भीती हा त्यांच्या कवितेचाही विषय होता. अशा माणसाच्या हाती मारधाडपटाचा तिसरा भाग पडावा हा योगायोग महत्त्वाचा ठरला. स्टुडिओची स्थिती त्या काळात नाजूक होती. ‘डॉक्टर डूलिट्ल’सारख्या महागड्या संगीतिकांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला मोठा तोटा दिला होता, आणि गंमत अशी की ‘डॉक्टर डूलिट्ल’चे निर्मातेही जेकब्सच होते. तिसऱ्या भागाला सुमारे २० लाख डॉलर मिळाले.

डेन यांनी काळाची दिशाच उलटवली. ‘एस्केप फ्रॉम द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७१) या चित्रपटात पृथ्वीचा नाश होण्यापूर्वी तीन चिंपांझी टेलरच्याच यानातून निसटतात आणि १९७३ सालच्या कॅलिफोर्नियात येऊन पडतात. समुद्रातून ओढून काढलेल्या यानातून तीन अंतराळवीर किनाऱ्यावर उतरतात, सैनिक सलामीच्या तयारीत उभे असतात, आणि शिरस्त्राणे काढताच आत वानरांचे चेहरे दिसतात. हा प्रसंग नाट्यपूर्ण तर आहेच, पण जमाखर्चाच्या दृष्टीनेही चतुर आहे. पहिल्या भागात शेकडो वानर रंगवावे लागले होते आणि एकेका प्रमुख नटाच्या रंगभूषेला काही तास लागत. येथे तीनच वानर आहेत, आणि त्यांतला एक लवकरच मरतो. उरलेले सारे जग आजचे आहे.

या काटकसरीने कथेचा अर्थच पालटला. पहिल्या भागात माणूस आरोपी होता आणि वानर न्यायाधीश. आता वानर दांपत्य चौकशी आयोगासमोर उभे राहते, पण हळूहळू आरोपीच्या पिंजऱ्यात आपण, म्हणजे वर्तमानकाळच, आहोत हे प्रेक्षकाच्या लक्षात येते. झिरा गर्भवती आहे. तिला औषध देऊन बोलते केले जाते आणि भविष्यात माणसाचे काय होणार आहे हे तिच्या तोंडून बाहेर पडते. राष्ट्राध्यक्षांचा शास्त्रीय सल्लागार हॅस्लाइन अस्वस्थ होतो. हे मूल जन्माला आले तर वानरांचे राज्य येईल, म्हणून ते जन्मू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो खलपुरुष असला तरी मूर्ख नाही. भविष्य ठाऊक असताना हातावर हात धरून बसणे हा अपराध नाही काय, हा त्याचा प्रश्न खरा आहे.

मराठी वाचकाला येथे कंस आठवल्यावाचून राहणार नाही. ज्याला आकाशवाणीने भविष्य कळले आहे, जो ते टाळण्यासाठी अर्भकाचा वध करू पाहतो आणि ज्याच्या या धडपडीतूनच ते भविष्य साकार होते, तो कंस. पाश्चात्त्य प्रेक्षकाला हेरॉड राजा आठवत असेल, पण येथे एक तपशील असा आहे की तो गोकुळाशी अधिक जवळचा वाटतो. झिरा आपले बाळ सर्कशीतील एका चिंपांझी मादीच्या बाळाशी बदलते. हॅस्लाइनच्या गोळ्यांना बळी पडते ते दुसरेच बाळ. झिरा आणि कॉर्नेलियस मारले जातात, हॅस्लाइनही मरतो, आणि शेवटी सर्कशीच्या पिंजऱ्यातले खरे बाळ ‘मामा’ असा शब्द उच्चारते. ज्या दोघांचा जन्म भविष्यातला, त्यांचे मूल भूतकाळात वाढू लागते. वर्तुळ पुरे झाले असे वाटते.

‘कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७२, दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन) हा चौथा भाग आणखी स्वस्तात, सुमारे १७ लाख डॉलरमध्ये झाला. कथेचा काळ १९९१. एका रोगाने कुत्री-मांजरे नाहीशी झाली आहेत, त्यांच्या जागी माणसांनी प्रथम पाळीव प्राणी म्हणून आणि मग गुलाम म्हणून वानर आणले आहेत. भविष्यातील हे शहर मुद्दाम उभारलेले नाही. ते लॉस एंजेलिसमधील सेंच्युरी सिटी आहे. आर्थिक अडचणीमुळे फॉक्सने आपल्या चित्रीकरणाच्या आवारातील मोठी जमीन विकली होती. त्या जमिनीवर उठलेल्या काँक्रीटच्या नव्या वसाहतीतच कंपनीने भविष्यकाळ चित्रित केला.

येथे झिराचा मुलगा सीझर बंडाचा नेता होतो. रस्त्यांवरील दंगल, हेल्मेटधारी पोलीस, जळत्या इमारती या साऱ्यांत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५ मध्ये झालेल्या दंगलींची आठवण उघड आहे. राज्यपालाचा कृष्णवर्णीय सहायक मॅकडोनाल्ड आणि सीझर यांच्या संवादात तर ती शब्दांतच येते. गुलामांचे वंशज म्हणून तुला आमची बाजू कळली पाहिजे, असे सीझर त्याला सुचवतो. मारधाडपटाच्या चौथ्या भागात, १९७२ मध्ये, हे बोलले जात होते.

आता या मालिकेतील सर्वांत महत्त्वाच्या घटनेकडे येऊ. ती पडद्यामागे घडली. मूळ शेवटात सीझरचे भाषण सूडाचे होते आणि राज्यपाल ब्रेक वानरांच्या हातून मारला जात होता. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला तेव्हा हा हिंसाचार त्यांना सोसवला नाही. चित्रपट मुलाबाळांसह पाहता यावा अशी निर्मात्यांची गरज होती. पुन्हा चित्रीकरण करायला पैसे नव्हते. म्हणून सीझरची भूमिका करणाऱ्या रॉडी मॅकडॉवल यांच्याकडून भाषणाचा नवा भाग फक्त आवाजात घेतला गेला. ओठ जुळत नाहीत हे दिसू नये म्हणून डोळ्यांची निकटदृश्ये वापरली गेली. नव्या शब्दांत सीझर द्वेष बाजूला ठेवण्याची आणि जिंकलेल्यांना दयेने वागवण्याची भाषा बोलतो. मूळ शेवट असलेली आवृत्ती २००८ मध्ये ब्लू-रे तबकडीवर उपलब्ध झाली.

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या विद्यार्थ्याला हे दोन पाठ ताडून पाहता येतील. मूळ पाठ घेतला तर वर्तुळ बंद होते. माणसाने गुलाम केले, गुलामांनी सूड घेतला, पुढे टेलरला तो भग्न पुतळा दिसणार. बदललेला पाठ घेतला तर इतिहासाला दुसरी वाट फुटते. कोणता पाठ श्रेष्ठ? कलादृष्ट्या पहिलाच, यात मला शंका नाही. दुसऱ्यातील शिवण उघडी दिसते. शिवाय ज्यांनी शतकांचा अन्याय सोसला त्यांच्या तोंडी क्षमेची भाषा घालण्याची घाई प्रेक्षकांच्या सोयीसाठी झाली होती, हे विसरता येत नाही. शोषितांचा संताप व्यक्त झाला की त्याला लगेच समंजसपणाचे अस्तर लावावे, ही अपेक्षा केवळ हॉलिवूडची नाही. पण दुसऱ्या पाठानेच पाचव्या भागाला विचाराची जागा दिली, हेही तितकेच खरे.

‘बॅटल फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७३) हा पाचवा भाग मालिकेतील सर्वांत दुबळा मानला जातो. त्याच्या नावातल्या लढाईत शाळेची जुनी बस रणगाड्यासारखी चालून येते. पण त्याच चित्रपटात एक विलक्षण प्रसंग आहे. सीझर उद्ध्वस्त शहराच्या दप्तरखान्यात उतरतो आणि आपल्या मृत आईवडिलांच्या जबानीच्या फिती ऐकतो. पृथ्वीचा शेवट कसा होणार हे त्याला त्यांच्याच आवाजातून कळते. त्याच्यापुरता भविष्यकाळ हा एक जुना दस्तऐवज आहे. त्याचा विद्वान मित्र व्हर्जिल काळाची तुलना असंख्य मार्गिका असलेल्या महामार्गाशी करतो. मार्गिका बदलली तर पोहोचण्याचे ठिकाण बदलू शकते. तिसऱ्या भागात हॅस्लाइनने काळाला चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र अशी उपमा दिली होती. दोन उपमांमधला हा फरक म्हणजे प्रारब्ध आणि प्रयत्न यांमधला फरक होय. चित्रपटाच्या शेवटी, २६७० सालात, वानरांची आणि माणसांची मुले एकत्र बसून गोष्ट ऐकत असतात, आणि सीझरच्या पुतळ्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. तो आनंदाचा की दुःखाचा, हे चित्रपट सांगत नाही.

हेच यंत्र दुसऱ्या हाती काय करते हे पाहण्यासाठी चार्ल्स बँड यांच्या ‘ट्रान्सर्स’ मालिकेकडे वळू. पहिला भाग १९८०च्या दशकाच्या मध्याचा, ‘टर्मिनेटर’चा समकालीन. तेविसाव्या शतकातला पोलीस जॅक डेथ १९८५ च्या लॉस एंजेलिसमध्ये येतो, पण यानातून नव्हे. एक औषध टोचले की जाणीव वंशावळीतून मागे जाते आणि पूर्वजाच्या शरीरात शिरते. यान नको, यंत्र नको, नट तोच. खलपुरुष भावी शासकांच्या पूर्वजांना मारत सुटतो, आणि त्यांतला एक रस्त्यावर आलेला, दारूने खंगलेला माजी बेसबॉलपटू आहे. शहर ज्याच्याकडे पाहतही नाही अशा माणसावर पुढच्या शतकांचे भवितव्य अवलंबून असावे, ही कल्पना सुंदर आहे. पण ज्याचे शरीर जॅकने घेतले त्या पूर्वजाच्या स्वतःच्या मनाचे काय झाले, हे मात्र चित्रपट गंभीरपणे विचारत नाही.

पुढचे भाग व्हिडिओ-बाजारासाठी निघाले. दुसरा भाग १९९१ चा. त्याच वर्षी ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या भागावर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. चौथा आणि पाचवा भाग (१९९४) रुमानियात एकापाठोपाठ चित्रित झाले, कारण तेथे खर्च कमी होता आणि किल्ले आयते होते. म्हणून नायक मध्ययुगीन वळणाच्या दुसऱ्याच विश्वात जाऊन पडतो. सहाव्या भागात (२००२) मूळ नट टिम थॉमरसन जुन्या दृश्यांपुरतेच उरले, म्हणून जॅकची जाणीव त्याच्या मुलीच्या शरीरात गेली. अडचण तीच, तोडगाही तोच, परंतु येथे तोडग्यातून प्रश्न जन्मत नाही. पूर्वज हा फक्त वाहन राहतो, आणि वर्तमानाला कोणी जाब विचारत नाही.

दोन्ही मालिकांना पैशाची चणचण सारखीच भासली. डेन यांनी मात्र त्या चणचणीचा अर्थ शोधला. भविष्य वर्तमानात उतरवणे भाग आहे, तर त्याने येथे येऊन आपल्याला काय विचारावे, हे त्यांनी ठरवले. आणि पुढचा भाग हा स्वतःच एक कालयंत्र असतो हेही त्यांच्या पटकथांनी दाखवून दिले. १९६८ च्या चित्रपटातला भग्न पुतळा अणुयुद्धाची खूण होता. १९७२ नंतर त्याच पुतळ्याकडे पाहताना गुलामगिरीही आठवते. नंतर आलेल्या कृतीने आधीच्या कृतीचा अर्थ बदलला.

२०११ मध्ये ही मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा कोट्यवधी डॉलर खर्चून जो नायक उभा केला गेला तो टेलर नव्हता. तो सीझर होता. पृथ्वी आधीच नष्ट करून बसलेल्या, तिजोरी रिकामी असलेल्या एका कंपनीच्या अडचणीतून जन्मलेले ते पात्र. निर्मितीची परिस्थिती ही कलाकृतीच्या बाहेरची बाब आहे असे समजून तिचा विचार तळटीपेत ढकलणाऱ्या समीक्षेने या पात्राचा जन्म कसा झाला हे एकदा अवश्य पाहावे.