थुंकी नव्हे, बेडका

विषय ऐकून नाक मुरडू नका. आज आपण बेडक्याबद्दल बोलणार आहोत, आणि तेही त्याच्या इतिहासाबद्दल.

२४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी जाहीर केलं, की क्षय एका जंतूमुळे होतो. तोवर हा रोग घराण्यातून येतो असं पुष्कळ लोक मानत. (आपल्याकडे अजूनही सुनेच्या माहेराकडे बोट जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) कॉख यांनी तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. रोग्यांच्या बेडक्यातही तो सापडला होता.

त्या सभेत पॉल एर्लिश नावाचा तरुण डॉक्टर होता. जंतूला रंग चढवायची रीत त्याने त्याच वर्षी सुधारली. असं सांगतात, की काचपट्ट्या वाळायला त्याने विझलेल्या शेगडीवर ठेवल्या आणि सकाळी कामाच्या बाईने न बघता शेगडी पेटवली. रंग उलट पक्का बसला! आमच्या बायका कॉखचं नाव विसरतात, ही बाई मात्र विसरत नाहीत. काचपट्टीवर रंग टाकून ती खालून गरम करायची रीत कितीतरी प्रयोगशाळांत अजून चालते.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत त्या पुण्यात क्षयाने गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. रोग ओळखायची वाट सापडली होती, पण स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडलं. आज औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आता घोडं अडतं ते डबीपाशी.

आमच्या एका गटातली सखी महिनाभर खोकत होती. दवाखान्यात तिला डबी दिली आणि ‘थुंकून आणा’ एवढंच सांगितलं. व्हरांड्यात पुरुष बसलेले. खाकरायची लाज वाटली, म्हणून तिने तोंडातली थुंकी डबीत टाकली. अहवाल आला, काही नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा टीबी निघाला. तोवर लेकही खोकू लागली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००५ साली पाकिस्तानात रावळपिंडीच्या क्षयरोग केंद्रात नमुना द्यायला आलेल्या काही बायकांना थुंकी आणि बेडका यांतला फरक आधी समजावून सांगितला, काहींना नेहमीसारखीच डबी दिली. न समजावलेल्यांत शंभरात ८ जणींना टीबी सापडला, समजावलेल्यांत १३ जणींना. यंत्र तेच, डबी तीच. पुरुषांत मात्र सांगून फारसा फरक पडला नाही. त्यांना खाकरायला कुणी कधी अडवलं होतं?

तर डबी मिळाली की सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची. माणसांपासून दूर, उघड्यावर जायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. नुसतं पाणी-पाणी आलं तर पुन्हा खोकायचं, आणि डबीचं झाकण घट्ट लावायचं.

आमच्या गटात आता डबी घेऊन जाणारीसोबत दुसरी एक जण जाते. ती थोडी लांब, पाठ करून उभी राहते आणि कुणाला तिकडे फिरकू देत नाही.